जर-तरचा इतिहास लिहायचाय? आधी रेडिओवर काय वाजतंय ते ठरवा

पर्यायी इतिहास म्हटलं की बहुतेकांचं बोट आधी रणांगणाकडे जातं. पानिपत जिंकलं असतं तर, नेपोलियन वॉटर्लूला हरला नसता तर, दुसरं महायुद्ध उलट फिरलं असतं तर. नकाशावरचे रंग बदलतात, राजधान्या बदलतात आणि चार पानांत कल्पनेचा दम संपतो. त्या बदललेल्या जगातली माणसं संध्याकाळी काय ऐकतात, कोणत्या नटाची केशरचना करून फिरतात, मुलं कसली चित्रं वहीत चिकटवतात, हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नसतं. वाचक मात्र तिथेच राहायला येतो. सिंहासनावर कोण बसलंय यापेक्षा शेजारच्या खोलीत कोणतं गाणं लागलंय, यावरून त्याला ते जग खरं वाटतं.

म्हणून नवख्यांनी लोकप्रिय संस्कृतीपासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात ठेवायची. या क्षेत्रातले मोठे बदल बहुतेक वेळा कुणाच्याही मनात नसताना झालेले आहेत. कुणीतरी काहीतरी अडवतं, बंद करतं, किंवा कशाचा तरी तुटवडा पडतो. एक जागा रिकामी होते आणि ती भलताच कुणीतरी येऊन भरतो. हा भलता कोण, हे शोधण्यात सगळी गंमत आहे आणि सगळी मेहनतही.

फाटा लहान निवडा, पण खरा निवडा

ज्या क्षणापासून आपली गोष्ट खऱ्या इतिहासापासून वेगळी होते त्याला आपण फाटा म्हणू. फाट्याला तारीख असावी. त्या दिवशी दोन्ही निकाल खरोखर शक्य असावेत. आणि त्यासाठी कुणाला स्वतःच्या स्वभावाविरुद्ध वागावं लागू नये. कंजूष माणूस एका रात्रीत उदार झाला तर तो चमत्कार झाला, आणि चमत्कारावर पुढचं काहीच रचता येत नाही.

मला फार आवडणारा एक फाटा सांगतो. सोनीने १९७५ मध्ये बेटामॅक्स हा घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर अमेरिकेच्या बाजारात आणला. टीव्हीवरचा कार्यक्रम घरी टेप करणं म्हणजे आमच्या हक्कांवर घाला आहे, असं म्हणत युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी पुढच्याच वर्षी दावा ठोकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एकदा सुनावणी होऊनही निकाल लागला नाही, दुसऱ्यांदा युक्तिवाद झाले आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी सोनी जिंकली.

एका न्यायमूर्तींचं मत फिरलं असतं तर? इथे नवखा लेखक लगेच लिहितो, ‘व्हिडिओ रेकॉर्डरवर बंदी आली.’ जरा थांबा. तोवर लाखो घरांत ही यंत्रं पोचलेली होती आणि ती घरोघर जाऊन कुणी जप्त करणार नव्हतं. जास्त संभव असा की प्रत्येक यंत्रावर आणि कोऱ्या कॅसेटवर स्टुडिओंसाठी काही रक्कम बसली असती. यंत्र महागलं असतं, घराघरांत पोचायला आणखी काही वर्षं लागली असती. यंत्रं कमी म्हणजे कॅसेट भाड्याने देणारी दुकानं कमी. खऱ्या इतिहासात याच दुकानांच्या आणि कॅसेटविक्रीच्या जोरावर काही वर्षांत अमेरिकी स्टुडिओंना घरगुती व्हिडिओतून तिकीटबारीपेक्षा जास्त पैसा मिळू लागला. म्हणजे खटला जिंकून स्टुडिओंनीच आपल्या पुढच्या कमाईवर पाणी सोडलं असतं.

आणखी एक पाऊल पुढे जा. चित्रपटगृहात आपटलेला आणि कॅसेटवर लोकांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा या जगात कायमचा विस्मरणात जातो. थेट कॅसेटसाठी काढलेले स्वस्तातले भयपट निघतच नाहीत. एकच चित्रपट मागे-पुढे करत, पाठ होईपर्यंत बघणारी मुलांची पिढी तयार होत नाही, आणि ती पिढी मोठी होऊन जे चित्रपट काढणार असते त्यांची धाटणीही वेगळी होते. एका मताने एवढं होतं. तोफा लागत नाहीत.

आधी घडलेलं नीट लिहून काढा

कल्पना करण्याची घाई झालेली असताना ही पायरी रटाळ वाटते, पण हिच्यावरच सगळं उभं राहतं. जे बदलायचंय ते मुळात कसं घडलं, याचा क्रम कागदावर मांडायचा.

१ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवणं बंद केलं. मागणी मानधनाच्या वाट्याची होती. रेकॉर्ड वाजल्या की प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांचा रोजगार बुडतो, आणि त्या रेकॉर्डच्या कमाईतलं वादकांना काही मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं. रेडिओवर प्रत्यक्ष वाजवायला मोकळीक होती, फक्त ध्वनिमुद्रण बंद. डेका कंपनीने १९४३ मध्ये करार केला. कोलंबिया आणि आरसीए व्हिक्टर नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून बसल्या.

त्या काळात मोठे वाद्यवृंद हेच खरे तारे होते. गायक म्हणजे वाद्यवृंदातला एक माणूस, दोन कडवी गाऊन खाली बसणारा. पण गायक या संघटनेचे सभासद नव्हते! कंपन्यांनी त्यांना पुढे केलं, आणि वाद्यांच्या जागी मागे गळ्यांचा कोरस उभा केला. फ्रँक सिनात्राने १९४३ मध्ये अशाच रेकॉर्ड केल्या. भरीस भर म्हणून युद्धामुळे रेकॉर्डसाठी लागणाऱ्या लाखेच्या वापरावर कपात आली होती, कारण ती लाख प्रामुख्याने भारतातून यायची. १९४४ मध्ये नाच-गाणं चालणाऱ्या क्लबांवर ३० टक्के केंद्रीय कर बसला, आणि पंधरा-वीस वादकांना पोसणं मालकांना जड जाऊ लागलं. बसून ऐकायचं, लहान ताफ्याचं संगीत परवडू लागलं. न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांच्यासारखे वादक नेमकं याच सुमारास बीबॉप ही जॅझची नवी शैली घडवत होते, आणि संपामुळे त्या घडणीच्या काळातलं ध्वनिमुद्रण अगदी थोडं उरलं.

वादकांच्या हितासाठी पुकारलेल्या संपाने गायकांचं राज्य आणायला हातभार लावला. क्रम मांडला की दिसतं की फाटा एक नाही, चार आहेत: संप, लाख, कर, आणि रेकॉर्डबाहेर राहिलेलं नवं संगीत. तुम्ही संप काढून टाकलात तरी लाखेची कपात आणि कर जागेवरच राहतात. म्हणजे वाद्यवृंदांची पडझड थांबत नाही, सावकाश होते. हे आधी मांडलं नसतं तर तुम्ही खुशाल लिहून गेला असतात की संप झाला नसता तर आजही लोक मोठ्या वाद्यवृंदावर नाचत असते.

क्रम लिहिताना मी प्रत्येक दुव्यापुढे एक शब्द लिहितो: नक्की, बहुधा किंवा कदाचित. पुढे गोष्ट रचताना ‘कदाचित’वर दुसरं ‘कदाचित’ चढलं की तिथे थांबायचं आणि दुसरा धागा धरायचा.

रिकामी जागा कोण भरतो?

आता फाटा घ्या आणि विचारा: कोणती वस्तू मिळेनाशी झाली? कोणता कायदा आडवा आला किंवा बाजूला झाला? पैसा कुठून निघून कुठे गेला? लोकांचा कोणता वेळ मोकळा पडला? कोणते कसबी लोक बेकार झाले, आणि पोटासाठी कुठे गेले? शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त देऊन जातो. कसब मरत नाही, ते दार बदलतं.

अमेरिकेत १९५४ मध्ये गुन्हेगारी आणि भयकथांच्या कॉमिक्सविरुद्ध ओरड झाली, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी स्वतःवरच एक कडक आचारसंहिता लादून घेतली. भयकथा जवळजवळ संपल्या. विकायला काहीतरी हवंच होतं, तेव्हा मागे पडलेले अतिमानवी नायक १९५६ पासून पुन्हा नव्या वेषात बाहेर काढले गेले. ती ओरड झालीच नसती असं धरा. मग भयकथाच जोरात राहतात, आणि रंगीत पोशाखातले नायक ही एका जुन्या पिढीची बालपणीची आठवण बनून राहते. आजच्या पडद्यावर कोण उडतंय याचा विचार करा, म्हणजे हा फाटा केवढा आहे ते कळेल.

एक फाटा शेवटपर्यंत

आता एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, मुद्दाम आपल्या वाचकांच्या कानाजवळचं.

१९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम होतं आणि चित्रपटगीतांनी अभिरुची बिघडते असं त्यांचं मत होतं. ऑल इंडिया रेडिओवर चित्रपटगीतांचा वेळ आक्रसत गेला, निर्मात्यांशी बिनसलं आणि ती गाणी जवळजवळ दिसेनाशी झाली. समुद्रापलीकडे रेडिओ सिलोनकडे महायुद्धाच्या काळातले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक होते आणि जाहिराती घेण्याची मुभा होती. श्रोते तिकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये, पुढे गाण्यांची साप्ताहिक क्रमवारी लावणारी, बिनाका गीतमाला तिथे सुरू झाली आणि अमीन सयानींचा ‘बहनो और भाइयो’ हा आवाज घराघरांत शिरला. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली.

आपला फाटा असा: १९५२ मध्ये केसकरांना दुसरं खातं मिळतं. नव्या मंत्र्याला संगीतात फारसा रस नाही, आणि चित्रपटगीतं रोज दोन तास वाजत राहतात. सगळं शक्य कोटीतलं आहे, कुणाचाही स्वभाव बदललेला नाही.

नक्की काय होतं? सिलोनकडे धाव घेण्याचं मोठं कारण जातं. पण ऑल इंडिया रेडिओ जाहिराती घेत नव्हता. खऱ्या इतिहासात त्या विविध भारतीवर १९६७ मध्ये आल्या. म्हणजे साबण आणि टूथपेस्टवाल्यांचा पैसा अजून बाहेरच उभा आहे आणि त्याला सिलोनशिवाय जागा नाही. सिलोनकडे प्रक्षेपक आहेत, जाहिरातदार आहेत, हिंदी बोलणारे कसबी निवेदक आहेत. नाहीत ती फक्त गाणी, कारण ती आता घरच्या केंद्रावर फुकट मिळतात.

मग सिलोन काय विकणार? इथे मला बहुधा असं दिसतं की ते ऑल इंडिया रेडिओ जे देत नाही तेच शोधतील: हेरकथा, रहस्यमालिका, रडवणाऱ्या कौटुंबिक गोष्टी, दर आठवड्याला नेमक्या ठिकाणी तुटणाऱ्या. साबणाच्या पैशावर चालणारी रेडिओ-मालिका. लोकांना पुढच्या भागाची वाट बघायची सवय पन्नासच्या दशकातच लागते. टीव्ही येतो तेव्हा त्याला मालिका लिहिणाऱ्यांची एक तयार फळी मिळते.

आणि गाण्यांचं? ती वाजतात, पण औपचारिक निवेदनात. कुणीही त्यांची क्रमवारी लावत नाही, कारण क्रमवारीतली चुरस जाहिरातदाराला हवी होती, सरकारी केंद्राला तिची गरज नव्हती. ‘या आठवड्यात पहिल्या पायदानावर कोण?’ हा प्रश्नच जन्माला येत नाही. गाणं चित्रपटाच्या सोबत येतं आणि त्याच्या सोबत जातं. श्रोत्याशी मित्रासारखा बोलणारा निवेदक गाण्यांच्या कार्यक्रमात घडत नाही. तो मालिकेच्या आधी ‘मागच्या भागात काय झालं’ सांगता सांगता घडतो.

आणखी एक धागा मी ‘कदाचित’मध्ये ठेवतो. चित्रपटगीतं कमी झाल्यावर ऑल इंडिया रेडिओला स्वतःचं सुगम संगीत तयार करावं लागलं. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्राने वर्षभर गीतरामायण सादर केलं: ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, ५६ गीतं. चित्रपटगीतांची मुबलकता असती तर एका केंद्राने एका मालिकेला वर्षभर दर आठवड्याची जागा दिली असती का? दिलीही असती, कारण मराठी भावगीताची परंपरा केसकरांच्या आधीपासून जोमात होती आणि कवी-संगीतकारांची जोडी दिल्लीच्या धोरणाने जमली नव्हती. म्हणून हा दुवा मी गोष्टीचा कणा करत नाही. पात्रांच्या बोलण्यात एखादी मोकळी जागा म्हणून तो ठेवला, तर मराठी वाचकाच्या काळजात मात्र नक्की कळ उठेल.

काय येणारच होतं

प्रत्येक गोष्ट फाट्यावर अवलंबून नसते. टेलिफोनसाठी बेल आणि ग्रे यांचे कागद पेटंट कचेरीत एकाच दिवशी, १४ फेब्रुवारी १८७६ ला दाखल झाले. ल्युमिए बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून हलती चित्रं दाखवली, त्याच्या काही आठवडे आधी बर्लिनमध्ये स्क्लाडानोव्स्की बंधूंनी दाखवली होती. एक शोधक काढून टाकलात तरी शोध थोड्याच काळात दुसऱ्या हातून येतो. बदलतो तो त्याचा मालक, गाव आणि भाषा.

पहिल्या महायुद्धाआधी जगभरच्या पडद्यांवर फ्रान्स आणि इटलीचा मोठा वरचष्मा होता. फिल्मची पट्टी आणि स्फोटकं यांना लागणारं नायट्रोसेल्युलोज एकाच जातीचं. युद्ध पेटल्यावर फ्रान्समधल्या फिल्मच्या कारखान्यांना युद्धसामग्रीकडे वळावं लागलं आणि मोकळा बाजार अमेरिकेने घेतला. १९१४ चं युद्ध टळलं तर सिनेमा असतोच, पण दशकभराने त्याला वाचा फुटते तेव्हा त्याची मोठी भाषा फ्रेंच असण्याचा संभव वाढतो. हा फाटा मोठा आहे, नवख्याने दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात घ्यावा.

माणसांचं काय करायचं

इथे बरेच जण अडखळतात. फाटा १९१४ चा आणि कथेत १९६३ मध्ये जॉन लेनन गातोय. लेनन १९४० चा. त्याचे आईवडील त्याच वेळी, त्याच परिस्थितीत एकत्र येतील आणि तेच मूल जन्मेल, हे शक्य नाही. माझा नियम सरळ आहे: फाट्यानंतर गर्भात आलेला कुणीही खऱ्या जगातला माणूस वापरायचा नाही. आधी जन्मलेल्यांना घ्या, पण त्यांना वेगळा व्यवसाय द्यायची तयारी ठेवा. ओळखीचं नाव दिसल्याचा वाचकाला होणारा आनंद क्षणभराचा असतो, आणि त्याची किंमत म्हणून सगळ्या जगावरचा विश्वास जातो.

आतून लिहा

त्या जगातल्या माणसाला आपलं जग माहीत नाही. ‘केसकर नभोवाणी मंत्री झाले असते तर बरं झालं नसतं’ असं तिथे कुणी सहज म्हणत नाही. म्हणून फाटा समजावून सांगणारी पानं बाजूला ठेवा आणि त्या जगातले कागद तयार करा: कार्यक्रमपत्रिका, चित्रपटाचं परीक्षण, जाहिरात, श्रोत्याचं पत्र. आपल्या उदाहरणातलं एक पत्र असं लिहिता येईल:

‘केंद्र संचालक महाशय, गेल्या बुधवारी नेमकी दाराची कडी वाजली आणि तुम्ही साबणाची जाहिरात लावलीत. आत कोण आलं हे कळायला आठ दिवस थांबायचं, हा काय न्याय? माझी आई म्हणते तो मामाच असणार. मी म्हणते, मामा पहिल्याच महिन्यात मेला. तुमच्या निवेदकांनी पुढच्या खेपेला मामाच्या प्रेताचं नेमकं काय झालं होतं ते तरी आठवण करून द्यावं. साबण आम्ही तोच वापरतो.’

यात केसकर नाहीत, धोरण नाही, तारीखही नाही. तरी आठवड्याची वाट बघणं, जाहिरातदाराची पकड, घराघरांतला वाद आणि निवेदकाचं नवं काम, सगळं आलं. असे पाच-सहा कागद झाले की कथानक आपोआप कुठे वळायचं ते सांगू लागतं.

लिहून झालं की इतिहासाची आवड नसलेल्या माणसाला वाचायला द्या. फाटा कोणता, हे त्याला ओळखता आलं नाही तरी चालेल. पण ‘मग हे लोक लग्नात काय वाजवतात?’ असं त्याने विचारलं आणि तुमच्याकडे उत्तर नसलं, तर ती रिकामी जागा तुमच्याच जगातली आहे, ती आधी भरा.

सरावासाठी काही फाटे

ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. ती आलीच नसती तर सारंगीवाल्यांची कामं कुठे गेली असती? महायुद्धात जर्मनीला कोका-कोलाचा अर्क मिळेना, म्हणून तिथल्या शाखेने १९४० च्या सुमारास चीज करताना उरणारं पाणी आणि सफरचंदाचा चोथा यांसारख्या उरल्यासुरल्या जिनसांपासून फँटा तयार केला. अर्क मिळतच राहिला असता तर? एप्रिल १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटला, १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही, आणि जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसाने कोंडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचायची पैज लावली. मेरी शेलीच्या फ्रँकेन्स्टाइनचं बीज त्यातच पडलं. हवामान चांगलं असतं आणि ती मंडळी नौका घेऊन तळ्यावर गेली असती, तर वेड्या शास्त्रज्ञाची कथा आधी कुणी लिहिली असती, कोणत्या भाषेत, आणि त्या शास्त्रज्ञाच्या हातात वीज असती की आणखी काही, इथून सुरुवात करून बघा.